हिरव्या पट्टीचे बटाटे

२०२४ सालच्या डिसेंबरात मी मुलीकडे जर्मनीत होतो. तिचे एर्लांगेन हे गाव न्यूरेंबर्गच्या उत्तरेस, आगगाडीने वीसेक मिनिटांवर आहे. मुलगी तेथील एका रुग्णालयात डॉक्टर आहे, जावई तिकडचेच, व्यवसायाने अभियंता. नातू सात वर्षांचा. त्याच गावात, दोन रस्ते ओलांडून पलीकडे, माझे व्याही राहतात. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या विहीणबाई, त्या वर्षीच्या मार्च महिन्यात वारल्या. माझी पत्नी त्याआधी तीन वर्षे, २०२१ च्या एप्रिलात, साथीच्या दुसऱ्या लाटेत गेली होती. तेव्हा त्या हिवाळ्यात त्या कुटुंबात दोन विधुर होते आणि नाताळ तोंडावर आला होता. एवढी पार्श्वभूमी दिल्यावाचून पुढची हकिगत समजणार नाही.

जर्मन लोकांचा नाताळ २४ तारखेच्या संध्याकाळी साजरा होतो. झाडाखालच्या भेटी त्याच संध्याकाळी उघडल्या जातात. मला आश्चर्य वाटले ते त्या रात्रीच्या जेवणाचे. वर्षातला सर्वांत मोठा सण, आणि असंख्य घरांतून त्या रात्री पानात असते काय, तर सॉसेज आणि बटाट्याचे सॅलड! भाजलेल्या हंसाचे मोठे जेवण दुसऱ्या दिवशी, २५ तारखेला. २४ ला घरची बाई झाड सजवण्यात आणि भेटी बांधण्यात गुंतलेली, म्हणून झटपट होणारे असे साधे जेवण रूढ झाले असावे, असे जावयांनी सांगितले. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाच्या दिवशी कोणी पिठले-भात केला तर शेजारीपाजारी काय म्हणतील, हा विचार माझ्या मनात येऊन गेला. पण पुढे त्या साधेपणाचा जो व्याप मी पाहिला, तो पाहून 'साधे' हा शब्द मी मागे घेतला.

विहीणबाई न्यूरेंबर्गच्या. त्यामुळे त्यांच्या घरी २४ च्या रात्री न्यूरेंबर्गचेच छोटे ब्राटवुर्स्ट, आंबवलेला कोबी म्हणजे साउअरक्राउट, बटाट्याचे सॅलड आणि किसलेले 'क्रेन' हा बेत पन्नास वर्षे न चुकता होत आला. शेवटी गोड म्हणून मात्र व्याह्यांच्या आईकडून आलेला खसखशीचा पदार्थ. त्यांची आई सायलेशियातली. दुसऱ्या महायुद्धानंतर तो प्रांत बहुतांशी पोलंडकडे गेला आणि तेथील जर्मनांना घरेदारे सोडून निघावे लागले. पूर्वेकडच्या अशा प्रदेशांतून एक कोटीहून अधिक माणसे हलली. व्याह्यांची आई १९४६ साली बव्हेरियात आली. व्याही इकडे आल्यावर, १९४७ साली जन्मले. सायलेशिया त्यांनी लहानपणी पाहिलाच नाही. खाल्ला मात्र दरवर्षी.

आपण मंडळी दोन-अडीचशे वर्षांपूर्वी देशावरून माळव्यात आलो. आमचे पूर्वज होळकरांच्या दफ्तरात कारकुनी करीत. आमच्या घरात अजून चिंचगुळाची आमटी होते, मेतकूट दळले जाते, आणि त्याचबरोबर रविवारी दाल-बाफलेही होतात. सकाळच्या पोह्यांवर शेव आणि जिरावण नसेल तर नातवंडे रुसतात. व्याह्यांची ती गोष्ट ऐकताना माझ्या ओठांवर अगदी सहज आले की, आमचेही तसेच आहे हो. पण मी ते वाक्य गिळले. आम्ही सत्तेचे बोट धरून आलो. त्यांची आई सत्ता बुडाल्यावर एक पेटी घेऊन आली. दोन्हीकडे चूल जपली गेली हे खरे, पण दोन्ही प्रवास एका मापाने मोजणे बरे नव्हे.

डिसेंबरच्या मध्यावर जावयांनी सुचवले की, यंदा २४ चे जेवण बाहेरून तयार आणावे. व्याही काही बोलले नाहीत. ते मुळात अबोल गृहस्थ. आयुष्यभर कारखान्यात लेथवर काम केलेले, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची भाषा बोलणारे. मार्चपासून तर ते घराबाहेरही फारसे पडत नव्हते. रविवारी मुलगा न्यायला येईल तेव्हा यायचे, जेवायचे, परत जायचे. शेजाऱ्यांची दारे त्यांनी बंद केली होती, म्हणजे त्यांच्या बाजूने. त्या दिवशी जेवण झाल्यावर ते माझ्याशी इंग्रजीत बोलले. आम्हा दोघांचे इंग्रजी सारख्याच पायरीवरचे, फायलीवर शेरा मारण्याइतके. ते म्हणाले, "कोबी मी घातला आहे. ऑक्टोबरात. तो खाल्ला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो. तळघरात मातीची, आतून-बाहेरून झिलई केलेली मोठी बरणी होती. तिच्या तोंडाला कडेने पन्हळ, पन्हळीत पाणी आणि पाण्यात झाकणाची कड बुडालेली. आतला वायू पाण्यातून बुडबुडे होऊन बाहेर पडतो, बाहेरची हवा आत येत नाही. आमच्याकडे लोणच्याच्या बरणीला दादरा बांधतात, त्याहून ही युक्ती मला सरस वाटली. कोबीची कृती त्यांनी मला अंकांत सांगितली. आठ किलो कोबी, बारीक चिरलेला. शेकडा दोन या हिशेबाने एकशे साठ ग्रॅम मीठ. मीठ लावून कोबी हाताने इतका मळायचा, की त्याचेच पाणी सुटून तो त्यात बुडावा. वर दगडाचे वजन. पहिले काही दिवस उबेत, मग तळघराच्या गारव्यात सहा आठवडे. बाहेरून विरजण म्हणून काही घालायचे नसते. कोबीच्या पानावरचेच जंतू हे आंबवण्याचे काम करतात, मीठ आणि हवेचा अभाव नको त्या जंतूंना दूर ठेवतात. एर्लांगेन, फ्युर्ट आणि न्यूरेंबर्ग या तीन गावांच्या मधल्या भाजीपाल्याच्या पट्ट्याला 'लसणीचा प्रांत' असे नाव आहे, कोबी तिथला. इतकी वर्षे विहीणबाई चिरीत आणि व्याही मळीत. यंदा दोन्ही कामे त्यांनी एकट्याने केली होती.

"मग जेवणही आपण दोघे करू," मी म्हणालो. हे मी का म्हणालो, मला आजही नीट सांगता येणार नाही. छत्तीस वर्षांच्या शासकीय नोकरीत आणि त्याहून थोड्या अधिक वर्षांच्या संसारात मी चहापलीकडे काही केलेले नाही. ही गेल्यावर स्वयंपाकाला बाई ठेवली. हिच्या हातचे काय कसे होते, ते मी कधी विचारले नाही, आणि विचारावेसे वाटले तेव्हा विचारण्याची सोय उरली नव्हती. शिवाय आमच्या घरात मांसाहार वर्ज्य. सॉसेज ही वस्तू मी तोवर काचेपलीकडूनच पाहिलेली.

मुलीला कळले तेव्हा ती म्हणाली, "बाबा, तुम्ही? त्यांच्या स्वयंपाकघरात?" तिला त्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत रुग्णालयात काम होते. जावई मुलाला घेऊन चर्चमध्ये मुलांच्या प्रार्थनेला जाणार होते. तेव्हा दुपारभर आम्ही दोघेच.

खरेदीची वाटणी झाली. २४ तारखेला दुकाने दुपारी दोनच्या सुमारास बंद होतात, ती तीन दिवसांनी, २७ लाच उघडतात. व्याही खाटकाकडे गेले, बटाटे माझ्याकडे आले. बटाट्याच्या बाबतीत माझा आत्मविश्वास दांडगा. महसूल खात्यात असताना इंदूर आणि देपालपूर तालुक्यांत बटाट्याची किती शेते मी पायांखाली घातली असतील! पिकाची आणेवारी लावणारा माणूस मी. बटाटा ओळखायला मला कोणाची मदत हवी होती? मी चांगले मोठे, निरोगी, मातकट सालीचे दोन किलो बटाटे निवडून पिशवी घेऊन आलो. पिशवीवर निळी पट्टी होती. सुंदर दिसत होती.

दुपारी साडेतीनला व्याह्यांनी ती पिशवी पाहिली आणि ते बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले. जर्मनीत बटाटे शिजण्याच्या गुणावरून विकले जातात. बहुतेक पिशव्यांवर हिरवी पट्टी असली तर बटाटा चिवट राहणारा, लाल असली तर मध्यम आणि निळी असली तर पिठूळ. पिठूळ बटाट्यात स्टार्च अधिक असतो, तो शिजला की मोकळा होऊन फुटतो. कुस्करून खायला उत्तम. सॅलडला मात्र चकती अखंड राहिली पाहिजे, तिथे हिरवीच पट्टी लागते. मी म्हणालो, कुस्करलेला बटाटा सॉसेजबरोबर खातात असे मी वाचले आहे. "खातात," ते म्हणाले. "ती करीत नसे."

एवढे बोलून ते खुर्चीवर बसले. मला वाटले, झाले. आता ते सगळे गुंडाळून ठेवतील. स्वयंपाकघरातल्या घड्याळाचा आवाज तेवढा येत होता. मग ते उठले, कोट चढवला आणि बाहेर गेले. मी खिडकीतून पाहत होतो. शेजारच्या घराच्या फाटकाशी ते थांबले. फाटक उघडून आत गेले, दारापुढे उभे राहिले. घंटीच्या बटणाकडे हात नेला आणि खाली घेतला. असे दोनदा झाले. बाहेर अंधारून आले होते. त्या दिवसांत तिकडे साडेचारच्या आतच दिवस मावळतो. दार उघडलेले मी पाहिले आणि मग खिडकीतून बाजूला झालो. ते चाळीस मिनिटांनी परत आले. हातात टोपलीभर बटाटे, कोटाच्या खिशात घरी केलेल्या बिस्किटांची पुडी. डोळे लाल होते. थंडी फार होती, हेही खरे.

मग आम्ही कामाला लागलो, आणि मला एक नवेच व्याही दिसले. कारखान्यातला माणूस जागा झाला. पहिली पाळी कोबीची. त्यांनी दोन भांडी घेतली. मोठ्या भांड्यात डुकराच्या मांसाचे खारवलेले तुकडे परतले, त्यात कांदा, मग कोबी. दुसरे लहान, निळ्या फुलांचे एनॅमलचे भांडे त्यांनी कपाटाच्या आतून काढले, धुतले, पुसले, आणि एका डब्यातून पिवळसर घट्ट काहीतरी काढून त्यात घातले. डब्यावर 'बुटरश्माल्त्स' असे लिहिलेले. ते वितळले आणि मला वास आला. ते तूप होते. आपले, घरचे असावे तसे, कणीदार तूप. त्यात कांदा आणि मांसाला न शिवलेला कोबी. "हे तुमचे," ते म्हणाले. मी काही सांगितले नव्हते. मुलीचे लग्न झाले तेव्हा आम्ही दोघे तिकडे गेलो होतो. विहीणबाईंनी हिच्यासाठी याच भांड्यात वेगळे केले होते, ते त्यांच्या लक्षात होते.

कोबीत पडणारे मसाले पाहून तर मी बाटल्या हातात घेऊन वास घेऊ लागलो. एकात शहाजिरे. एकात काळसर निळी, वाटाण्याहून लहान सुकी फळे. चावून पाहिली, राळेसारखी कडवट-गोड. ही 'वाखोल्डर' म्हणजे ज्युनिपर. आपल्या आयुर्वेदातली हपुषा, पन्साऱ्याकडे हाऊबेर म्हणून मिळते तीच. तमालपत्र मात्र निराळे: आपल्या पानाला तीन लांब शिरा असतात, त्यांच्या पानाला मधली एकच. वास आपल्या पानाचा दालचिनीकडे झुकतो, त्यांचा निलगिरीकडे. थोडी सफरचंदाची फोड, थोडी पांढरी वाइन, आणि मंद आचेवर पाऊण तास. शेवटी एक कच्चा बटाटा किसून घालायचा, त्याने कोबीचे पाणी धरले जाते. त्यासाठी निळ्या पट्टीचा बटाटा चालतो, उलट उत्तम. माझ्या दोन किलोंपैकी एक असा सत्कारणी लागला.

सॅलडच्या कृतीत मला विशेष गोडी वाटली, कारण तीत कारण आहे. बटाटे सालीसकट, मीठ आणि शहाजिरे घालून उकडायचे. हात भाजत असतानाच सोलायचे, चकत्या करायच्या. बारीक कांदा, आणि त्यावर उकळता रस्सा, ज्यात व्हिनेगर, मोहरीची चटणी, मीठ आणि चिमूटभर साखर मिसळलेली. माझ्यासाठी रस्सा भाज्यांचा केला होता, आणि सगळ्यांसाठी तोच वापरू, असे त्यांनी ठरवून टाकले. गरम बटाटा रस्सा पितो, गार बटाटा पीत नाही. अर्धा तास झाकून ठेवायचे. तेल घालायचे ते अगदी शेवटी. आधी घातले तर चकतीवर तेलाचा थर बसतो आणि रस्सा आत शिरत नाही. उत्तर जर्मनीत हेच सॅलड अंड्याच्या मेयोनेझमध्ये करतात, त्याचा उल्लेख व्याह्यांनी आमच्याकडे सासवा सुनांच्या वरणाचा उल्लेख करतात त्या स्वरात केला. मी डाव घेऊन हलवायला गेलो, तर त्यांनी माझे मनगट धरले. ढवळायचे नाही. दोन्ही हातांनी पातेले धरून झुलवायचे. त्यांचा हात अलीकडे कापतो, म्हणून ते काम माझ्याकडे आले. मी पातेले झुलवले. नातू तान्हा असताना मी त्याला कधी इतक्या काळजीने झुलवले नसेल.

'क्रेन' म्हणजे एक मूळ, आपल्या मुळ्याच्या नात्यातले. जवळच्या बायर्सडॉर्फ गावाची ती ख्याती. अख्खे असताना निरुपद्रवी, किसले की मोहरीसारखा झणका थेट नाकातून मस्तकात जातो. खिडकी उघडून किसायचे. आम्ही दोघेही मनसोक्त रडलो, आणि कोणाला कारण सांगावे लागले नाही.

आता मुख्य वस्तू. न्यूरेंबर्गचे ब्राटवुर्स्ट बोटाएवढे असते. सात ते नऊ सेंटिमीटर लांब, वीस ते पंचवीस ग्रॅम वजनाचे. डुकराचे मांस, मेंढीच्या आतड्याचे पातळ आवरण. २००३ पासून युरोपीय संघाने हे नाव संरक्षित केले आहे. न्यूरेंबर्ग शहराच्या हद्दीत तयार झालेल्यालाच ते लावता येते. आपल्या रतलामी शेवेला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यातलाच प्रकार. ते इतके लहान का, याची एक दंतकथा आहे: रात्री शहराचे दरवाजे बंद झाल्यावर खानावळवाले ते कुलपाच्या भोकातून बाहेरच्या भुकेल्या वाटसरूंना विकत म्हणे. खानावळीत ते सहा, आठ, दहा, बारा अशा संख्येने, जस्ती रंगाच्या कथिलाच्या ताटात वाढतात आणि बीचच्या लाकडावर भाजतात. घरी मात्र तवा.

व्याह्यांनी चोवीस मोजून काढली. नियम दोन: टोचायचे नाही आणि घाई करायची नाही. टोचले तर रस वाहून जातो. आच मोठी केली तर आवरण तडकते. तुपावर मध्यम आचेवर, चिमट्याने सतत फिरवत, आठ-दहा मिनिटे. चिमटा अर्थातच माझ्या हाती. मला किळस आली का? खरे सांगायचे तर पहिली दोन तव्यात पडली तेव्हा मी श्वास रोखला होता. पण श्वास किती वेळ रोखणार? सोडला, आणि घेतला.

आणि तव्यातून मरव्याचा वास आला.

हे मला कळायला काही क्षण लागले. मांसाचा आणि तुपाचा वास तर होताच, पण त्याच्या वरून स्पष्ट, हिरवा, किंचित कापरासारखा मरवा दरवळत होता. व्याह्यांना विचारले. ते म्हणाले, "मायोरान. त्याशिवाय न्यूरेंबर्गचे होतच नाही." त्यांनी बरणीतून चिमूटभर सुकी पाने माझ्या तळहातावर ठेवली. चुरडली. शंकाच नव्हती.

आमच्या हिचे माहेर सोलापूरचे. गजऱ्यात मरवा नसेल तर तो गजरा नव्हे, असे तिचे मत होते. इंदुरात फुलवाल्यांकडे मरवा तिला मनासारखा मिळेना, म्हणून लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तिने माहेराहून रोप आणून कुंडीत लावले. बदलीबरोबर कुंडी हलायची. मंदसोर, धार, खरगोन, पुन्हा इंदूर. सामानाच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी तिची जागा ठरलेली. रोप जुने झाले की फांदीचे दुसरे करायची, असा तो एकच मरवा चाळीस वर्षे चालला. २०२१ च्या एप्रिलात ही गेली. मे महिन्याचा इंदूरचा उन्हाळा. मला त्या दिवसांत काहीच सुचत नव्हते, पण कुंडी गॅलरीत, माझ्या खुर्चीपासून चार पावलांवर होती. जूनमध्ये पाऊस आला तेव्हा मी ती पाहिली. मुलीला मी सांगितले की, उन्हाने जळाला. पाणी घातले नाही, हे सांगितले नाही. ते आज इथे प्रथम लिहीत आहे.

"लक्ष द्या," व्याही म्हणाले. एका सॉसेजचे आवरण तडकले होते.

मुलगी साडेसहाला आली, तिच्यामागोमाग जावई आणि नातू. मेणबत्त्या लागल्या. विहीणबाईंच्या खुर्चीवर नातवाला बसवले. व्याह्यांनी वाढले: प्रत्येकाला सॉसेज मोजून, मुलाला चार. माझ्या ताटात निळ्या भांड्यातला कोबी, सॅलड, क्रेन, राईची काळी भाकरी. सॉसेजचे ताट माझ्यासमोरून पुढे गेले. माझ्याशी ते क्षणभर थांबले आणि पुढे गेले. नातवाने विचारले, "आजोबा, तुम्ही केलंत आणि तुम्हीच खाणार नाही?"

या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर द्यायचे तर बरेच मागे जावे लागले असते. नायब तहसीलदार असताना दौऱ्यावर, डाकबंगल्यात, सहकाऱ्यांबरोबर मी मटण खाल्लेले आहे. एकदा नव्हे, पुष्कळदा. परतताना लवंग चघळत घरी यायचो. ही दार उघडायची, म्हणायची, "आंघोळीला पाणी तापलंय," आणि आंघोळीआधी मला स्वयंपाकघरात येऊ द्यायची नाही. इतर दौऱ्यांनंतर मात्र आंघोळीचा आग्रह नसे. तिला ठाऊक होते, हे मला ठाऊक होते, आणि तीस-पस्तीस वर्षांत त्यावर आमच्यात एक शब्द झाला नाही. आता ती नसताना, सातासमुद्रापलीकडच्या घरी, निष्ठेचा आव आणून मी ताट पुढे सरकवतो यात कितीसे पुण्य? खाण्याचा मोह झाला नाही असेही नाही. मरव्याच्या वासाने तोंडाला पाणी सुटले होते, ही लाज वाटावी अशी गोष्ट आहे की नाही, याचा निवाडा मला अजून करता आलेला नाही. मी नातवाला म्हणालो, "मला सॅलड आवडतं." ते खोटे नव्हते. मी तीनदा घेतले.

मुलीने पहिला घास घेतला आणि सॅलडकडे पाहत सासऱ्यांना जर्मनमध्ये काही म्हणाली. त्यांनी मान हलवली आणि माझ्याकडे बोट दाखवले. काय म्हणाली, ते मी विचारले नाही.

शेवटी खसखशीचे गोड आले. त्याला मोनक्लोस म्हणतात. नावात गोळे आहेत, पदार्थात नाहीत. टेबलाच्या कडेला आवळून बसवायच्या छोट्या हातजात्यात खसखस दळायची, दुधात साखर घालून शिजवायची, मनुका-बदाम घालायचे, आणि शिळ्या पांढऱ्या पावाच्या चकत्यांवर थर देत काचेच्या भांड्यात रात्रभर गार ठेवायचे. दळण आदल्या संध्याकाळी मीच केले होते. त्यांची खसखस निळसर करडी असते, आपली पांढरी. मंदसोरला असताना माघ-फाल्गुनात अफूच्या शेतांचे पांढरे ताटवे मी रोज पाहायचो. बोंडांना दुपारी चिरा द्यायच्या आणि सकाळी चीक खरवडायचा. बोंडे वाळली की आत उरते ती ही निष्पाप खसखस. हे सांगितल्यावर नातू त्या पदार्थाकडे जरा संशयाने पाहू लागला. चव मात्र मला थेट आपल्या खसखशीच्या खिरीजवळची वाटली, फक्त मातीचा गंध अधिक.

रात्री मुले गेल्यावर मी भांडी विसळायला थांबलो. व्याह्यांनी एक जुनी वही आणली. त्यांच्या आईची. मोनक्लोसचे प्रमाण तीत होते, पण अक्षर ज्यूटरलीन नावाच्या जुन्या वळणाचे. ते वळण १९४१ साली जर्मन शाळांतून काढून टाकले गेले. व्याही युद्धानंतर शाळेत गेले, त्यामुळे आईचे अक्षर त्यांना अडखळतच वाचता येते. विहीणबाईंनी ते सासूकडून शिकून घेतले होते. आमच्या आजोबांची मोडीतली बाडे मी अशीच, एका-एका शब्दापाशी थांबत वाचतो. माझ्या मुलीला तर ती रेघोट्यांसारखी दिसतात. हे मी त्यांना सांगितले. त्यांनी पेन पुढे केले. आजचे प्रमाण लिहून ठेवायला हवे, त्यांचा हात कापतो, मी लिहावे, म्हणाले.

"पण मला जर्मन लिहिता येत नाही," मी म्हणालो.

"तुमच्या भाषेत लिहा. वाचायला सूनबाई आहे."

ज्यूटरलीनची पाने संपत होती तिथून पुढे विहीणबाईंच्या अक्षरातली चार पाने होती, निळ्या शाईची. त्यानंतरच्या कोऱ्या पानावर मी तारीख घातली आणि देवनागरीत लिहू लागलो. कोबी आठ किलो, मीठ एकशे साठ ग्रॅम. रस्सा उकळता घालावा. तेल शेवटी. ढवळू नये, झुलवावे. व्याही शेजारी उभे राहून शिरोरेषा ओढली जाताना पाहत होते. ओळ पूर्ण झाली की, वाचता येत नसतानाही मान डोलवत होते. शेवटी त्यांनी टेबलाखालची माझी पिशवी उचलून वहीशेजारी ठेवली. मी समजलो, आणि खाली लिहिले: बटाटे हिरव्या पट्टीचे घ्यावेत.